अबुल फजल आणि लोणारची धार

मेहकर आज बुलढाणा जिल्ह्यातला एक तालुका आहे. सव्वाचारशे वर्षांपूर्वी मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे मुख्य ठिकाण होते. सरकार म्हणजे साधारण आजचा जिल्हा. अकबर बादशहाच्या राज्याची सगळी माहिती ज्या ‘आइन-ए-अकबरी’त गोळा केली आहे, त्या ग्रंथात या मेहकर सरकारातल्या लोणारचे वर्णन येते. ब्राह्मण या ठिकाणाला विष्णुगया म्हणतात, पितरांच्या मुक्तीसाठी लोक इथे येतात, इथे उंच डोंगरांनी वेढलेले कोसभर लांब-रुंद तळे आहे, त्याचे पाणी खारट आहे, काच आणि साबण करायला लागणारा माल त्यातून मिळतो, सोऱ्याचेही उत्पन्न चांगले आहे, असे त्यात लिहिले आहे. पुढे एक छोटी नोंद आहे. डोंगरावर एक झरा असून त्याच्या मुखाशी बैलाची आकृती कोरलेली आहे. या झऱ्याचे पाणी एरवी तळ्यात जात नाही, पण अमावस्या सोमवारी आली तर जाते.

हे लिहिणारा अबुल फजल. माहिती सुभ्यासुभ्यातल्या अंमलदारांकडून येत असे आणि तो ती तपासून, भाषा नीट करून ग्रंथात घालत असे. ही नोंद त्याने तशीच ठेवली. सोमवती अमावस्येला पाणी वाहते, असे जो मान्य करतो, त्याने आज सोमवती आहे असे म्हटलेले नसते, आज पाणी वाहते आहे असेही म्हटलेले नसते. त्याने फक्त दोन गोष्टींची गाठ मान्य केलेली असते. ती खोटी ठरवायची तर सोमवतीच्याच दिवशी जाऊन कोरडे दगड पाहावे लागतील. इतर दिवशी धार कोरडी दिसली म्हणून काही बिघडत नाही. पण नोंदीत दुसराही अर्धा भाग आहे : एरवी पाणी जात नाही. हा भाग कुठल्याही साध्या मंगळवारी वाहते पाणी पाहून खोटा ठरवता येतो. लोणारची धार आज बारमाही वाहताना दिसते, त्यामुळे हा दुसरा भाग आजच्या माणसाला मान्य करणे अवघड आहे. एका वाक्यातले हे दोन ‘तर’ वेगळे आहेत, हे ओळखण्याची विद्या अबुल फजल लहानपणीच शिकला होता आणि त्याच्या आयुष्यातले मोठे झगडेही अशाच ‘जर-तर’वरून झाले.

त्याचा जन्म १४ जानेवारी १५५१ रोजी आग्र्यात झाला. वडील शेख मुबारक मूळचे नागोरचे, गाढे विद्वान आणि शिकवण्यात रमणारे. थोरला भाऊ फैजी पुढे फारसीचा मोठा कवी झाला. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ फारसीत आणणारा तो हाच. घरात कुराण, हदीस आणि फिक्ह यांच्याबरोबर मंतिक, म्हणजे तर्कशास्त्रही शिकवले जाई. या मंतिकमध्ये ‘शर्तिया’ वाक्यांचे वेगळे प्रकरण असते. इब्न सीनाने हजार वर्षांपूर्वी त्यावर सविस्तर लिहून ठेवले आहे. मदरशातले ठरलेले उदाहरण असे की, सूर्य उगवला असेल तर दिवस आहे. दिवस नाही असे दिसले, तर सूर्य उगवलेला नाही हे कळते. पण दिवस आहे म्हणून दिवा लावू नये असे कोणी म्हणाला, तर ती वेगळी गोष्ट झाली, ती या वाक्यातून निघत नाही. रोजा ठेवणाऱ्याला हे मुद्दाम शिकवावे लागत नाही. एकोणतिसाव्या संध्याकाळी चाँद दिसला तर ईद, नाही तर तीस पुरे करायचे. आजारी किंवा प्रवासात असेल तर रोजा पुढे कधी भरून द्यायचा. शरियतचे निम्मे हुकूम असे शर्त घालून आलेले आहेत आणि शर्त विसरून हुकूम तेवढा हातात घेतला की गोंधळ होतो.

अबुल फजलच्या बुद्धीची एक गोष्ट त्याच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. एका दुर्मीळ ग्रंथाची प्रत त्याच्या हाती आली, पण प्रत्येक पानाचा अर्धा भाग नष्ट झालेला होता. त्याने खराब कडा कापून कोरा कागद चिकटवला, उरलेल्या अर्ध्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या आणि पुढचा मजकूर काय असला पाहिजे हे ठरवून लिहून काढला. नंतर पूर्ण प्रत मिळाली. ताडून पाहिले तेव्हा काही ठिकाणी शब्द वेगळे निघाले, पण अर्थ बहुतेक जुळला. अशा वेळी मन काय करते? पहिला अर्धा भाग खरा धरायचा, आपल्याजवळचे बाकीचे ज्ञान शक्यतो जागेवर ठेवायचे, आणि मग दुसरा अर्धा भाग किती पटतो ते पाहायचे. विसाव्या शतकात फ्रँक रॅम्झी नावाच्या तरुण इंग्रज तत्त्ववेत्त्याने १९२९ साली ‘जर-तर’च्या वाक्यांवर विश्वास कधी ठेवावा याची जी कसोटी एका टिपेत लिहून ठेवली, ती जवळजवळ हीच आहे. तिच्यावर जगभरचे तर्कशास्त्रज्ञ अजून वाद घालत आहेत.

पण हे झाले कागदावरचे. शेख मुबारक यांच्या घरावर संकट आले ते एका भयंकर ‘जर’मुळे. जौनपूरच्या सय्यद मुहम्मद यांनी स्वतः मेहदी असल्याचे सांगितले होते. १५०५ साली त्यांचे निधन झाले, पण अनुयायी वाढत राहिले. शेवटच्या काळात मेहदी आले तर त्यांच्यामागे गेले पाहिजे, हे बहुतेक सगळे उलेमा मानत होते. भांडण होते ते मेहदी आले आहेत की नाहीत यावर. सूर घराण्याच्या काळात शेख अलाई या मेहदवी फकिराला फटके मारले गेले आणि त्यातच तो मेला. शेख मुबारक यांनी त्याची बाजू घेतली होती. ते स्वतः मेहदवी नव्हते, असे मुलाने लिहिले आहे. ज्याला ती गोष्ट खरी वाटते त्याचे पुढचे वागणे त्याच्या समजुतीला धरून आहे, त्यासाठी त्याचा जीव घेऊ नये, एवढीच त्यांची भूमिका होती. दरबारातल्या मखदूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी यांना हा फरक पटण्यासारखा नव्हता. त्यांनी मुबारक यांच्यावर मेहदवी असल्याचा शिक्का मारला.

अकबराच्या कारकिर्दीत, १५७० च्या आसपास, तर बाप आणि दोन मुलांना आग्र्यातून रातोरात निघावे लागले. एका ओळखीच्याचे दार वाजवायचे, दोन दिवसांत त्याचा चेहरा बदललेला पाहायचा, मग पुढचे दार. अबुल फजल तेव्हा विशीच्या आतबाहेर होता. माणसे विचार न करता ऐकीव गोष्टीवर कशी उठतात, हे त्याने तिथे पाहिले. त्याला पुढे ‘तकलीद’ या शब्दाचा जो राग आला त्याची मुळे या रात्रींत आहेत. तकलीद म्हणजे आधीच्याने सांगितले म्हणून डोळे मिटून मागे जाणे. शेवटी अकबराचा दूधभाऊ मिर्झा अजीज कोका याने रदबदली केली आणि कुटुंब वाचले.

याच मेहदवी पंथाचा एक मोठा निकाल पुढे बुलढाण्याच्या मातीत लागला. अहमदनगरचा कारभारी जमालखान हा कट्टर मेहदवी होता. त्याने निजामशाहीत तोच पंथ पुढे आणला. १५९१ साली बुऱ्हाण निजामशहाने खानदेशच्या राजे अलीखानाच्या मदतीने त्याला रोहिणखेडला गाठले. जमालखान लढाईत पडला. बुऱ्हाण आधी अकबराच्या आश्रयाला राहिलेला होता. त्याच वर्षी अकबराने त्याच्याकडे आणि खानदेशात वकील म्हणून ज्याला पाठवले तो फैजी, शेख मुबारक यांचाच मुलगा. मोताळा तालुक्यातले रोहिणखेड आज बसच्या खिडकीतून पाहताना हे आठवणारे फार थोडे असतील.

१५७४ साली अबुल फजल दरबारात आला. येताना त्याने नजराणा आणला तो आयतुल कुर्सीवर लिहिलेल्या विवरणाचा. दुसऱ्याच वर्षी अकबराने फतेहपूर सिक्रीत इबादतखाना बांधला. दर गुरुवारी रात्री तिथे वादसभा भरू लागली. पहिला वाद कोणी कुठे बसायचे यावरून झाला. त्यानंतरचे वाद फारसे चांगले नव्हते. एक आलिम एखादी गोष्ट हराम ठरवी, दुसरा तीच हलाल ठरवी. मखदूम-उल-मुल्क आणि सदर शेख अब्दुन नबी एकमेकांवर उघड तुटून पडत. तरुण अबुल फजल शांतपणे प्रश्न विचारी आणि म्हाताऱ्यांना अडचणीत आणी. त्यात जुन्या हिशेबाचाही भाग होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मखदूम-उल-मुल्क यांच्याबद्दल बदायुनी या इतिहासकाराने एक गोष्ट लिहिली आहे. बदायुनी हा अबुल फजलचा मित्र नव्हता, त्याच्या मतांचा तर कडवा विरोधकच होता, म्हणून त्याची साक्ष वजनदार आहे. जकात लागू व्हायची तर ठरावीक मर्यादेइतकी संपत्ती माणसाच्या मालकीत पूर्ण एक चांद्र वर्ष राहिली पाहिजे. राहिली तर तिच्यातला अडीच टक्के वाटा गरिबांचा. मखदूम-उल-मुल्क वर्ष पुरे होण्याआधी सगळी मालमत्ता बायकोच्या नावे करीत आणि तिचे वर्ष पुरे होण्याआधी परत आपल्या नावे घेत. दोघांपैकी कोणाकडेही वर्ष भरतच नसे. शर्त पुरी झाली नाही, म्हणून हुकूमही लागू झाला नाही. अक्षराने पाहिले तर त्यात चूक काढता येत नाही. रमजानमध्ये जकातीचा हिशेब करायला बसणाऱ्या कोणालाही मात्र त्यातली लबाडी लगेच कळते. मुळात शर्त कशासाठी आहे? हाती आलेला पैसा टिकला आहे, माणूस खरोखर सुस्थितीत आहे, हे कळावे म्हणून. त्या मूळ कारणाला धक्का न लावता फक्त शब्द चुकवता येतो, हे या गृहस्थांनी दाखवून दिले. ते वारल्यावर लाहोरच्या घरात, कबरींच्या जागेत, सोन्याच्या विटांच्या पेट्या सापडल्याचेही बदायुनीच सांगतो.

सप्टेंबर १५७९ मध्ये मजहर नावाचा प्रसिद्ध कागद झाला. तो लिहिला शेख मुबारक यांनी. सह्या करणाऱ्यांत मखदूम-उल-मुल्क आणि अब्दुन नबीही होते. मनापासून सही केली ती एकट्या मुबारक यांनी, असे बदायुनी म्हणतो. या कागदाचा मजकूर लक्ष देऊन पाहावा असा आहे, कारण तो सगळाच ‘जर-तर’ आहे. एखाद्या प्रश्नावर मुजतहिदांमध्ये मतभेद असतील, आणि बादशहाने लोकांच्या सोयीसाठी त्यातले एक मत निवडले, तर ते सर्वांवर बंधनकारक. त्याने नवा हुकूम काढला, आणि तो कुराणातल्या एखाद्या आयतीला धरून असेल, शिवाय लोकांच्या हिताचा असेल, तर तोही बंधनकारक. म्हणजे मतभेद नसेल तिथे बादशहाला बोलायला जागा नाही. आयतीला सोडून असेल तिथेही नाही.

पण लोकांनी वाचला तो फक्त शेवटचा भाग. बादशहाचे म्हणणे सर्वांवर बंधनकारक, एवढेच बाजारात पसरले. जौनपूर आणि बंगालच्या बाजूला बंडे उठली, त्यात इतर कारणांबरोबर या कुजबुजीचाही हात होता. साडेतीनशे वर्षांनंतरही हीच चूक झाली. व्हिन्सेंट स्मिथ या इंग्रज इतिहासकाराने १९१७ च्या आपल्या पुस्तकात या कागदाला अकबराच्या अचूकतेचा जाहीरनामा असे नाव दिले आणि ते नाव शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचले. मजहरात अकबर कधी चुकत नाही असे कुठेही म्हटलेले नाही. अटी गाळल्या की कागदाचा अर्थ उलटा होतो. अर्थात दुसरी बाजूही आहे. अट पुरी झाली की नाही हे कोण ठरवणार, याचे उत्तर मजहरात नव्हते. बादशहाच ठरवणार असेल तर अटी कागदावरच राहतात. विरोधकांची भीती अगदी पोकळ नव्हती.

पुढच्याच वर्षी इबादतखान्यात गोव्याहून आलेले जेजुइट पाद्री बसू लागले. एकदा अग्निपरीक्षेची गोष्ट निघाली. एकाने कुराण घेऊन, दुसऱ्याने बायबल घेऊन आगीत जायचे. जो सुखरूप बाहेर येईल त्याचा ग्रंथ खरा. अबुल फजलने लिहिले आहे की, हे आव्हान पाद्री रुडोल्फो यांनी दिले आणि मौलवी मागे सरले. पाद्र्यांच्या कागदांत नेमके उलटे आहे. आव्हान दुसऱ्या बाजूने आले आणि देवाची अशी परीक्षा घेऊ नये म्हणून पाद्र्यांनी नकार दिला. आव्हान कोणाचेही असो, माणूस जळाला नाही तर पुस्तक खरे, ही गाठच मुळात कोणी का मान्य करावी, हा प्रश्न अबुल फजलने विचारायला हवा होता. त्याने तो विचारला नाही. त्याला मौलवींची फजिती लिहून ठेवायची होती.

त्याचे सर्वात चांगले काम ‘आइन’च्या शेवटच्या भागात आहे. हिंदूंच्या दर्शनांची ओळख तो तिथे करून देतो. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा, वेदान्त, मग जैन, बौद्ध आणि चार्वाकही. नैयायिकांची प्रमाणे, त्यांचे अनुमान, धूर दिसला तर अग्नी आहे असे कशाच्या जोरावर म्हणायचे, हे सगळे त्याने फारसी वाचकासाठी मांडले. मंतिक शिकलेल्या माणसाला ते वाचताना ओळखीचे वाटले असणार. दोन समाज एकमेकांना का ओळखत नाहीत, याची कारणेही त्याने दिली आहेत. त्यात भाषा वेगळी असणे, आळस आणि तकलीद ही कारणे येतात. हिंदू मूर्ती पुजतात तर ते ईश्वराला भागीदार जोडतात, असे तो ऐकत आला होता. जाणत्यांशी बोलल्यावर त्याचे मत बदलले. मन एकाग्र व्हावे म्हणून मूर्ती समोर ठेवतात, पण मानतात एकाच ईश्वराला, असे त्याला आढळले. ‘जर’चा भाग खरा होता, म्हणून ‘तर’चाही खराच असला पाहिजे असे नाही, हे त्याने जाऊन विचारले म्हणून त्याला कळले. तरुणपणी मंगोलियाचे साधू, लेबनॉनचे संन्यासी, तिबेटचे लामा आणि पोर्तुगालचे पाद्री यांच्याकडे आपले मन ओढ घेत होते, असे त्याने स्वतःबद्दल लिहिले आहे. तिकडे तो गेला नाही, दरबारात राहिला.

दरबारात राहण्याची किंमत ‘अकबरनाम्या’त दिसते. तकलीदीवर तुटून पडणारा हा माणूस अकबराची गोष्ट आली की सगळे मान्य करतो. तान्हा अकबर काही महिन्यांचा असताना दाईशी बोलला, ही गोष्ट त्याने पूर्ण श्रद्धेने लिहिली आहे. लोणारच्या धारेला निदान एक अट तरी होती. या गोष्टीला अटही नाही. ज्याने अर्ध्या ओळीवरून पुढची ओळ शोधली त्याला इथे शंका येऊ नये, याचे वाईट वाटते. बादशहाने घराचा जीव वाचवला होता, हे त्याचे कारण असेल. पण कारण म्हणजे पुरावा नव्हे, हे त्याच्याइतके चांगले कोणाला माहीत होते?

शहजादा सलीमला तो कधीच आवडला नाही. सलीमने एकदा अचानक त्याच्या घरी जाऊन चाळीस नकलनवीस कुराणाच्या विवरणाच्या प्रती काढत असल्याचे पाहिले आणि बादशहाला दाखवले, की हा बोलतो एक आणि घरी करतो दुसरेच, असे ‘मआसिर-उल-उमरा’त सांगितले आहे. त्याच ग्रंथात तो दिवसाला बावीस शेर अन्न खात असे, असेही आहे. हे कितपत खरे मानायचे ते ज्याने त्याने ठरवावे. दख्खनच्या मोहिमेवर असताना मात्र त्याच्या छावणीत दिवसभर खिचडी शिजत असे आणि येईल त्याला वाढली जाई, हे पटण्यासारखे आहे.

या मोहिमेवर तो १५९९ मध्ये आला. वऱ्हाड तीन वर्षांपूर्वी मोगलांकडे आले होते. शहजादा मुराद दारूने खंगला होता, त्याला परत आणण्यासाठी अबुल फजलला पाठवले होते. तो पोचला त्याच सुमारास, दौलताबादपासून वीस कोसांवर पूर्णेच्या काठी, मुराद वारला. सरदार परत फिरायच्या घाईत होते. अबुल फजलने स्वतःजवळचा पैसा वाटून फौज थांबवली. पुढे बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या वेढ्यातही तो होता. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. पुस्तकातला माणूस छावणीत इतका उपयोगी पडेल, असे दरबारात फारसे कोणाला वाटले नव्हते.

सलीमने अलाहाबादेत बंडाचा झेंडा उभारला आणि १६०२ मध्ये अकबराने अबुल फजलला परत बोलावले. मुलगा अब्दुर रहमान याच्याकडे फौज सोपवून तो थोड्या माणसांनिशी निघाला. सलीमने ओर्छ्याच्या वीरसिंह बुंदेल्याला वाटेवर बसवले होते. अबुल फजलला हे उज्जैनलाच कळले. वाट बदला, असे सांगणारे होते. पुढे अंत्रीजवळ तर दोन-तीन कोसांवर शाही सरदारांचे घोडदळ होते, तिकडे वळा, असे त्याच्याच माणसाने विनवले. याच वाटेने गेलो तर हल्ला होणार, हे त्याला मान्य होते. तरी तो वळला नाही. बादशहाने ज्याला फकिराच्या घरातून उचलून इथवर आणले, त्याने एका लुटारूपुढे पाठ दाखवली तर पुढे तोंड कसे दाखवायचे, असा त्याचा हिशेब होता. १२ ऑगस्ट १६०२. भाल्याने तो पडला. वीरसिंहाने त्याचे शिर अलाहाबादेला पाठवले. हे आपणच करवले, असे सलीमने बादशहा जहांगीर झाल्यावर आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. अबुल फजलची कबर ग्वाल्हेरजवळ अंत्रीला आहे.

आग्र्यात ही बातमी अकबराला सांगायला कोणी पुढे होईना. चुगताई घराण्यात रीत होती, की शहजादा वारला तर ते शब्दांत सांगायचे नाही. त्याचा वकील मनगटाला निळा रुमाल बांधून बादशहासमोर यायचा. अबुल फजल शहजादा नव्हता. तरी त्याच्या वकिलाला निळा रुमाल बांधून आत पाठवले. अकबर त्या वेळी कबुतरे उडवत होता. त्याने वर पाहिले आणि रुमाल बघितला.